बाराव्या वर्षाआधीचा हिशेब

फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिसची गोष्ट सांगायला कॅनडाला फार आवडते, आणि ती आहेही सांगण्याजोगी. लायबेरियातील यादवीमुळे घरदार सोडून पळालेल्या आईवडिलांच्या पोटी २ नोव्हेंबर २००० रोजी घानातील बुडुबुराम निर्वासित छावणीत हा मुलगा जन्मला, पाच वर्षांचा असताना कॅनडात आला, एडमंटनमध्ये वाढला, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या व्यावसायिक क्लबच्या मुख्य संघातून मैदानात उतरला, अठरा वर्षांचा असताना जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबमध्ये दाखल झाला आणि विशी गाठण्यापूर्वी युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, चॅम्पियन्स लीगचा, विजेता ठरला. आमच्या एडमंटनच्या गणेशोत्सवात आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभे असताना कोणी ना कोणी म्हणतोच, "बघा, छावणीत जन्मलेलं पोर कुठं पोहोचलं! या देशात कष्टाचं चीज होतं." भोवतालच्या माना डोलतात. मीही बरीच वर्षे मान डोलावली आहे.

अलीकडे मात्र हे वाक्य मला खटकू लागले आहे. डेव्हिसच्या कष्टांबद्दल किंवा गुणवत्तेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्याच्या कारकिर्दीवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल. ही कारकीर्द कॅनडातील फुटबॉलच्या व्यवस्थेचे यश म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात ती त्या व्यवस्थेला बाजूने वळसा घालून गेलेल्या एका फुकटच्या वाटेची कहाणी आहे, आणि ती वाट सरकारने बांधलेली नव्हती, फुटबॉल महासंघानेही नव्हती.

त्या वाटेचे नाव 'फ्री फूटी'. एडमंटनच्या गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चालणारा हा फुटबॉलचा उपक्रम टिम अॅडम्स यांनी सुरू केला. त्याची रचना साधी होती आणि शहाणपण त्या साधेपणातच होते. नोंदणीसाठी पैसे नाहीत, बूट आणि गणवेश उपक्रमाचे, आणि मुलांना मैदानावर पोहोचवण्याची जबाबदारीही उपक्रमाचीच. डेव्हिसचे आईवडील मिळेल त्या पाळीत काम करत आणि धाकट्या भावंडांना सांभाळायचे, खाऊपिऊ घालायचे, लंगोट बदलायचे काम या थोरल्याकडे असे. अशा घरातले मूल फुटबॉल खेळेल की नाही, हे त्याच्या पायांवर ठरत नाही. संध्याकाळी घरी कोण आहे, गाडी आहे का आणि महिनाअखेरीस हातात काय उरते, यावर ठरते. फ्री फूटीने हे तिन्ही प्रश्न शाळेच्या दारातच मिटवून टाकले. पुढे सेंट निकोलस शाळेच्या फुटबॉल अकादमीतील शिक्षक मार्को बॉसिओ आणि एडमंटन स्ट्रायकर्स क्लबचे निक हूसे यांच्यासारख्या माणसांनी त्याला सांभाळून घेतले आणि चौदाव्या वर्षी तो व्हँकुव्हरला गेला. पण पहिला उंबरठा ओलांडला गेला तो आठ-नऊ वर्षांच्या वयात, आणि फुकट.

ज्यांनी कॅनडात मूल वाढवलेले नाही त्यांना या 'फुकट' शब्दाचे वजन कळणार नाही. भारतात फुटबॉल म्हटले की एक चेंडू आणि वीस पोरे डोळ्यांसमोर येतात. इथे तो मध्यमवर्गाचा खेळ आहे. ऑक्टोबर सरला की एडमंटनची मैदाने बर्फाखाली जातात, खेळ छपराखालच्या मैदानांत शिरतो आणि त्या मैदानांचे भाडे तासावर चालते. त्यात पंचांचे मानधन, विमा, प्रांतिक संघटनेची वर्गणी, गणवेश आणि परगावच्या स्पर्धा यांची भर पडते, आणि मूल जसजसे बरे खेळू लागते तसतसा आकडा फुगत जातो. म्हणजे गुणवत्तेला इथे बक्षीस मिळत नाही, बिल मिळते.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिच्या संघाचा व्यवस्थापक होतो. या पदाचे नाव मोठे, काम मात्र पालकांना निरोप धाडण्याचे आणि संत्र्यांच्या फोडी करण्याचे. त्या संघात एक मुलगी होती, चेंडू पायाला चिकटल्यासारखी पळणारी. क्लबच्या अर्जात सर्वांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती की शुल्क परवडत नसल्यास गेल्या वर्षीच्या कर-आकारणीची प्रत जोडावी. तिच्या आईने ती जोडली होती आणि शुल्क माफही झाले होते. सप्टेंबर-ऑक्टोबर ठीक गेले, कारण मैदान वस्तीतच होते. नोव्हेंबरमध्ये सराव शहराच्या दुसऱ्या टोकाला, रात्री आठ वाजता सुरू झाला. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, घरी गाडी नव्हती आणि उणे वीस अंशांत दोन बस बदलून नऊ वर्षांच्या मुलीने जावे असे कोणी म्हणणार नाही. काही आठवडे मी तिला नेले-आणले. मग आमच्या घरी आजारपण आले, दोन सराव बुडाले, तिसऱ्या वेळी मी फोन केला तेव्हा आई अवघडून म्हणाली, "राहू द्या, तुम्हाला किती त्रास द्यायचा." माझ्या यादीत त्या मुलीच्या नावापुढे 'स्वेच्छेने माघार' असे लिहिले गेले. लिहिणारा मीच होतो.

यात क्लबने काही वावगे केले असे मी म्हणणार नाही. नियमाप्रमाणे सवलत दिली गेली होती. चूक त्या नियमामागच्या समजुतीत आहे. अडचण फक्त शुल्काची आहे आणि ती अर्ज करून सुटते, ही ती समजूत.

ही समजूत थेट ओटावापर्यंत पोहोचलेली आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये मुलांच्या खेळांसाठी एक करसवलत आणली होती. वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचा खर्च दाखवायचा आणि त्याच्या १५ टक्के, म्हणजे फार तर ७५ डॉलर, करातून वजा करून घ्यायचे. ज्याचे उत्पन्न इतके कमी की कर द्यावाच लागत नाही, त्याच्या हाती काही लागत नसे, कारण वजा करायला मुळात करच नव्हता. पुढे मर्यादा दुप्पट झाली, कर नसणाऱ्यांनाही पैसे मिळण्याची सोय झाली, आणि ती होते न होते तोच सवलत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. चालू होती तेव्हाही तिचा अर्थ असा होता की आधी पदरचे पैसे भरा, पावती जपून ठेवा आणि पुढच्या वसंतात विवरणपत्र भरताना थोडे परत घ्या. माझ्यासारख्यांनी ती इमानेइतबारे घेतली. आमची मुले त्या सवलतीशिवायही खेळलीच असती.

एका डेव्हिसवरून एवढा सिद्धान्त उभा करावा का, असा आक्षेप इथे येईल आणि तो रास्त आहे. असामान्य गुणवत्ता कुठून तरी वर येतेच, फ्री फूटी नसते तर कोण्या शिक्षकाने त्याला तेराव्या वर्षी हेरले असते, असेही म्हणता येईल. पण त्याची कारकीर्द जरा जवळून पाहिली की हा 'येतेच' फार डळमळीत वाटू लागतो.

आज जगातील उत्तम लेफ्ट बॅकमध्ये, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूंमध्ये, ज्याची गणना होते, तो मुळात बचावपटू नव्हताच. व्हँकुव्हरमध्ये तो पुढे, बाजूने धावणारा आक्रमक खेळाडू होता. २०१९ च्या शरद ऋतूत बायर्नचे निकलास झ्युले आणि लुकास हर्नांडेझ हे दोघे बचावपटू लागोपाठ जायबंदी झाले, डेव्हिड अलाबाला डावीकडून मध्यभागी सरकावे लागले आणि रिकाम्या जागेवर प्रशिक्षक निको कोव्हाच यांनी या मुलाला उभे केले. कोव्हाच नोव्हेंबरात गेले, हान्सी फ्लिक आले, त्यांनी त्याला तिथेच ठेवले. दहा महिन्यांनी, १४ ऑगस्ट २०२० रोजी, लिस्बनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असे धुतले. त्यातला पाचवा गोल मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. डेव्हिस डाव्या बाजूला चेंडू घेतो. समोर नेल्सन सेमेदो, तोही वेगासाठीच ओळखला जाणारा. डेव्हिस क्षणभर थबकतो, जणू मागे पास देणार, आणि सेमेदोचे वजन एका पायावर गेले न गेले तोच त्याच्या अंगावरून निसटतो. पुढे गोलरेषा आहे, जागा संपलेली आहे, चेंडू आता बाहेर जाणार असे वाटते. तो त्या रेषेवरून, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा तोल सावरत गोलच्या दिशेने आत येतो आणि योशुआ किमिशच्या पायाशी चेंडू ठेवतो. किमिशला फक्त ढकलायचे उरते.

हा क्षण ज्या योगायोगांवर उभा आहे त्यात दोन जर्मन-फ्रेंच गुडघे-घोटे आहेत आणि एका प्रशिक्षकाची नड आहे. गुणवत्ता होतीच, पण तिला जागा मिळाली तेव्हा ती दिसली. फरक एवढाच की बायर्नमध्ये ती जागा करून देण्यात सगळ्यांचा स्वार्थ होता. कोट्यवधी खर्चून आणलेला मुलगा बाकावर बसवून ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. व्हँकुव्हरचाही स्वार्थ होता, आणि तो जुलै २०१८ मध्ये पुरेपूर वसूल झाला. सर्व अटी पूर्ण झाल्यास २.२ कोटी अमेरिकी डॉलरपर्यंत जाणारा तो व्यवहार एमएलएसच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगच्या, तोवरच्या इतिहासातील सर्वांत मोठा होता. नऊ वर्षांच्या मुलासाठी दार उघडण्यात मात्र कोणाचाच स्वार्थ नसतो. बाजार तिथे पोहोचत नाही आणि पोहोचूही नये. म्हणूनच ते काम सार्वजनिक पैशाने व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

फुटबॉलच्या जागतिक कारभारात घडणावळीचा हिशेब ठेवण्याची एक पद्धत आहे आणि ती या संदर्भात फार बोलकी आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार रकमेच्या ५ टक्के भाग त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या हंगामांसाठी दर हंगामाला पाव टक्का, सोळाव्या ते तेविसाव्यापर्यंत अर्धा टक्का. एक कोटी डॉलरच्या व्यवहारात मुलाला बाराव्या वर्षी शिकवणाऱ्या छोट्या क्लबला २५ हजार डॉलर मिळू शकतात. वस्तीतल्या क्लबसाठी ही रक्कम थोडी नाही. पण वही उघडते ती बाराव्या वर्षी, आणि उघडते ती क्लबांसाठी. आठव्या, नवव्या, दहाव्या वर्षी ज्याने बूट दिले, बस पाठवली, त्याचे नाव त्या वहीत कुठेच नाही. शाळेचे नाही, फुकट लीगचेही नाही.

मग वहीच अलीकडे ओढावी का? मला तसे वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलावर भविष्यातील टक्केवारी लावली की त्याच्याभोवती दलाल जमायला वेळ लागणार नाही, आणि बारा ही मर्यादा ठेवण्यात निदान एवढा तरी शहाणपणा आहे. पण मर्यादेच्या अलीकडच्या वर्षांचे मोल शून्य धरायचे आणि पलीकडे निपजलेल्या यशावर देशाने हक्क सांगायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसऱ्या टोकाचा हिशेब किती बारीक आहे तेही पाहावे. २३ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ अमेरिकेविरुद्ध नेशन्स लीगमधील तिसऱ्या क्रमांकाचा सामना खेळताना डेव्हिसच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. कॅनडा जिंकला, पण बायर्नने कॅनडाच्या महासंघावर निष्काळजीपणाचा जाहीर आरोप केला आणि कायदेशीर कारवाईची भाषा केली. राष्ट्रीय संघासाठी खेळताना जखमी झालेल्या खेळाडूच्या पगारापोटी क्लबला भरपाई देणारी फिफाची योजना आहे आणि तिच्यात कमाल दर दिवसाला २०,५४८ युरो असा ठरलेला आहे. पंचविशीतल्या एका गुडघ्याच्या विश्रांतीचा भाव दिवसावारी, शेवटच्या युरोपर्यंत ठरलेला असतो. हा भाव मला अन्यायाचा वाटत नाही. खेळाडूचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. मला अन्याय वाटतो तो याचा की याच व्यवस्थेला संध्याकाळची एक बस परवडत नाही.

आणि परवडत नाही हे खरेही नाही. जून २०१८ मध्ये मॉस्कोत फिफाच्या अधिवेशनात २०२६ च्या विश्वचषकासाठी कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांनी संयुक्त दावा मांडला, तेव्हा व्यासपीठावर सतरा वर्षांच्या डेव्हिसला उभे करण्यात आले होते. छावणीतला जन्म आणि कॅनडाने केलेले स्वागत त्याने स्वतःच्या तोंडून सांगितले. दावा १३४ विरुद्ध ६५ मतांनी जिंकला गेला. कॅनडाच्या वाट्याला १३ सामने आले, ६ टोरोंटोला आणि ७ व्हँकुव्हरला. एडमंटनही रांगेत होते. जून २०२२ मध्ये यजमान शहरे जाहीर झाली त्यात त्याचे नाव नव्हते. टोरोंटोच्या महापालिकेने आपल्या सहा सामन्यांचा खर्च २०२४ मध्ये ३८ कोटी कॅनेडियन डॉलर असा धरला, म्हणजे एका सामन्यामागे सहा कोटींहून अधिक. ज्या मुलाची गोष्ट सांगून हे सामने आणले, ती गोष्ट जिथे सुरू झाली त्या शाळेच्या अंगणासाठी यातला कितवा हिस्सा राखून ठेवला, असा प्रश्न विचारणे म्हणजे उत्सवात विरजण घालणे नव्हे.

महासंघाचे समर्थक म्हणतील की गेल्या काही वर्षांत वरचा मजला बांधला गेला आहे. खरे आहे. २०१९ मध्ये पुरुषांची कॅनेडियन प्रीमियर लीग सुरू झाली. महिलांच्या बाबतीत तर लाजिरवाणी स्थिती होती. केडिशा ब्युकॅनन २०१५ च्या विश्वचषकातील सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली, तिच्यासह कॅनडाने २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तरी तिला पोटापाण्यासाठी युरोपातील ल्योन आणि चेल्सी या क्लबांकडे जावे लागले. देशात महिलांची व्यावसायिक लीग उभी राहायला २०२५ चा एप्रिल उजाडला. हे सारे स्वागतार्हच. पण वरच्या मजल्याला जिना कुठून आहे? प्रीमियर लीगमधला एडमंटनचा संघ २०२२ च्या अखेरीस बंद पडला तो पडलाच. जून २०२२ मध्ये विश्वचषकाच्या बक्षिसाच्या वाटपावरून राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी पनामाविरुद्धचा सामना खेळायला नकार दिला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. त्यांची मागणी न्याय्य होती. तिसरीतल्या मुलांच्या वतीने संप करायला मात्र कोणी नसते.

प्रांतिक विषय, स्थानिक स्वयंसेवक, खासगी क्लब अशी विभागणी असताना केंद्राने किंवा महासंघाने काय करायचे, असाही एक युक्तिवाद असतो. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, मी त्यांच्यातलाच एक होतो. आणि म्हणूनच सांगतो की ज्या दिवशी स्वयंसेवकाच्या घरी आजारपण येते, त्या दिवशी त्याच्या भरवशावर खेळणारे मूल घरी बसते. दानशूर संस्था शुल्क भरतात, बूट वाटतात, हे मोठे काम आहे. त्यांच्याकडे अर्ज मात्र करावा लागतो, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या, इंग्रजी नीट न येणाऱ्या आईला अर्ज हीच भिंत असते. फ्री फूटीचे मर्म हे होते की तिथे गरिबी सिद्ध करावी लागत नसे. वर्गातली सगळीच मुले खेळत, मग गरीब कोण हे कोणी विचारतच नसे.

इथे मला माझ्याच युक्तिवादातली एक खोट कबूल केली पाहिजे. फुकट खेळ द्या, कारण त्यातून डेव्हिस निघतो, असे म्हणणे सोयीचे आहे. अनुदान मागताना ते उपयोगीही पडते. पण ते पुरते खरे नाही. शंभर शाळांत शंभर वर्षे फुकट फुटबॉल चालला तरी दुसरा डेव्हिस निघेलच असे नाही, आणि नाही निघाला म्हणून ती वर्षे वाया गेली असेही नाही. माझ्या यादीतली ती मुलगी राष्ट्रीय संघात गेली असती असा माझा दावा नाही. ती नऊ वर्षांची होती, तिला खेळायचे होते आणि ती चांगली खेळत होती, एवढे पुरे असायला हवे.

आम्हा मराठी मंडळींना ही गोष्ट इतकी का भावते, याचाही मी विचार केला आहे. तीत आम्ही स्वतःला पाहतो, कारण तोही बाहेरून आलेला, आम्हीही बाहेरून आलेलो. पण आम्ही पदव्या घेऊन, स्थलांतरितांना निवडण्याच्या गुणांच्या यादीत वरचा क्रमांक लावून, दोन बॅगा आणि बँकेतली शिल्लक घेऊन उतरलो. आमच्या मुलांना सरावाला नेणारी गाडी पहिल्या हिवाळ्याआधीच दारात उभी होती. डेव्हिसच्या घराशी आमचे नाते आमच्या कल्पनेइतके जवळचे नाही. त्या रात्रपाळी करणाऱ्या आईचे आहे, आणि ती गणपतीला आमच्या रांगेत नसते.

मागणी मोठी नाही. शाळेची मैदाने आणि व्यायामशाळा सार्वजनिक पैशानेच बांधलेल्या आहेत आणि शाळा सुटल्यावर त्यांतल्या कित्येक रिकाम्या असतात किंवा भाड्याने जातात. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवस त्या फुकट ठेवाव्यात, प्रशिक्षकाला मानधन द्यावे, आणि हा खर्च प्रांताने व महासंघाने मिळून उचलावा. महासंघाने आपला वाटा विश्वचषकाच्या उत्पन्नातून बाजूला काढावा. अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला नको. दुपारी साडेतीनच्या सुमारास शाळांसमोर पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते आणि दहा मिनिटांत ती रिकामी होते. त्यातली एक बस, दर शाळेमागे एकच, पाच वाजेपर्यंत थांबायला हवी, आणि तिच्या चालकाचा त्या दीड तासाचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकातून जाईल, हे येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत ठरायला हवे.